चाललेले माड

"हे कोणाला खरं वाटणार नाही, आधीच सांगून ठेवतो."

लाहामूची प्रत्येक गोष्ट अशी सुरू व्हायची. सिगीच्या खोऱ्यात, हमरस्त्यापलीकडच्या सालेहाच्या कॉफीच्या टपरीवर, हे वाक्य ऐकलं की लोक बाकड्यावर सरकून जागा करायचे. एका वर्षी म्हणे कांदा इतका तिखट निपजला, की बांधावरून जाणारी लग्नाची वरात रडत रडत पुढं गेली आणि नवरीकडच्यांना वाटलं, नवरदेवच वारला. कालव्यातल्या वाम माशानं म्हणे बोकड ओढून नेला, आणि तो बोकड परत वर आला तेव्हा ओला नव्हता, नुसता चिडलेला होता. लोक हसायचे, आणखी एक कॉफी सांगायचे, आणि घरी जाताना म्हणायचे, म्हाताऱ्याच्या तोंडाला कुंपण नाही.

त्याचा मुलगा आर्फान एवढंच म्हणायचा, "बाबा, नारळ सोलायला या. बोकडाची गोष्ट काय, उद्या सांगता येईल."

आर्फान पाडेली होता, माडावर चढून नारळ पाडणारा. बापासारखाच; पण बापाचे गुडघे गेले तशी पहार आणि कोयता त्याच्याकडं आला. घरामागं माडांची रांग, पुढं कांद्याची सरी, कडेला बकऱ्यांचा गोठा. घरात बायको नुर्मिन आणि चार वर्षांची रिस्मा.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी, मगरिबची बांग व्हायच्या आधी जमीन हलली. हलायची ती नेहमीच. त्या खोऱ्यात माणसं जमीन हलली तर आधी चुलीवरचं भांडं धरतात, मग बाहेर येतात. पण त्या दिवशी ती हलून थांबली आणि मग चालायला लागली. पेज कलंडावी तशी. ना दरड, ना उतार, सपाट शेत. तरी घरं, मका, मशिदीची पायरी, डांबरी रस्ता त्याच्या पांढऱ्या पट्ट्यासकट, सगळं पश्चिमेकडं निघालं. जुन्या माणसांकडं याला शब्द होता, नालोदो, म्हणजे चिखलानं गिळणं. पण तो शब्द पोरांना दटावण्यापुरता उरला होता.

लाहामू त्या वेळी सालेहाच्या टपरीवर होता. बोकड नुकताच वर आला होता आणि चिडायचा होता. बाकडं उलटलं, किटली गेली, जो तो वाट फुटेल तिकडं पळाला. लाहामूनं मान वर केली तेव्हा समोरून माड चालले होते. उभेच्या उभे, नारळांसकट, एकामागून एक, बाजारातून घरी निघालेल्या माणसांसारखे. पुढचे दोन त्यानं ओळखले. ते त्याचे होते.

आयुष्यभर ज्यानं अचाट गोष्टी रचल्या, त्याच्यापुढून अशी एक गोष्ट चालत गेली आणि त्याला कोणाला सांगायची सोय राहिली नाही. सगळ्यांनीच पाहिलं होतं. एक बाई चुलीपुढं बसली होती ती चुलीसकट दुसऱ्या वाडीत पोचली होती. एकाच्या मक्यात कोणाची तरी न्हाणी येऊन उभी होती, दोरीवरच्या टॉवेलासकट. सगळं गावच लाहामू झालं होतं.

आर्फान तेवढा कुठं दिसत नव्हता.

नुर्मिन आणि रिस्मा दुसऱ्या सकाळी सापडल्या. केळीच्या एका बेटाच्या मुळ्यांत अडकलेल्या, पापण्यांपर्यंत चिखलानं माखलेल्या. नुर्मिनला पाणी पाजून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी चुलीपाशी होते. रिस्माचे बाबा बकऱ्यांकडं गेले होते. मला काही माहीत नाही." आणि लगेच उलट विचारलं, "त्यांना कोणी पाहिलं का?"

तेव्हापासून ती हेच विचारत होती.

हमरस्त्याच्या कडेला ताडपत्र्यांची वस्ती झाली. दुपारी ताडपत्रीखाली भाकरी भाजून निघेल असा उकाडा. तांदूळ वाटपाच्या रांगेत लाहामूला एक सदरा मिळाला, त्याच्या छातीवर परक्या भाषेत काहीतरी छापलेलं होतं आणि पाठीवर डुकराचं चित्र होतं. तो उलटा करून घालायचा. आतली शिवण बाहेर आणि त्यावर लोकांचे विनोद.

"लाहामूकाका, सदरापण खोटा बोलायला लागला की काय?"

तो हसायचा. हसणं हा त्याचा धंदाच होता. पण डोळे शेताकडं असायचे, कारण तिकडं त्याची सून बांबू घेऊन फिरत असायची.

चिखलावर आता पापुद्रा धरला होता. वरून भेगाळलेला, पांढरट, पाय दिला तर पेलायचा. खाली मात्र मऊ होतं. यंत्रं आली, काही दिवस उकरून गेली आणि सरकारी माणसं सांगून गेली की बास, आता ही सगळी जागाच कबर समजा. नुर्मिनला ते मान्य नव्हतं. सकाळी शेवग्याच्या पाल्याचं कालवण आणि मक्याचा भात रांधायची, आर्फानची ताटली झाकून ठेवायची, रिस्माला सासऱ्याच्या मांडीत द्यायची आणि बांबू टोचत निघायची. टोच, वाकून ऐक, पुढं पाऊल. संध्याकाळी परत आली की झाकलेला भात स्वतः खायची आणि दुसऱ्या दिवशी ताजा झाकायची.

"पोरी, पापुद्रा फसवा आहे," लाहामू म्हणायचा.

"मी बांबू आडवा धरते बाबा."

"डोंगरावर ढग यायला लागलेत. एकदा पाणी पडलं की हे सगळं पुन्हा पेज होईल."

"म्हणून तर घाई आहे."

लाहामूला मुलगा गेल्याचं कळलं होतं, पहिल्याच रात्री, पोटातून. आता सून त्याच वाटेनं रोज थोडी थोडी चालली होती आणि ते त्याला उघड्या डोळ्यांनी दिसत होतं.

तो इमाम याबूकडं गेला. दोघं लहानपणी एकाच कालव्यात उघडे पोहलेले, त्यामुळं इमामाला त्याच्यासमोर फार भारदस्त राहता येत नसे.

"ज्यांची मयत मिळाली नाही त्यांची नमाज घेणार आहेस म्हणे शुक्रवारी?"

"घेणार आहे. शेताच्या कडेला."

"आर्फानचं नाव घे."

"तुझ्या सुनेनं दिलेलं नाही."

"मी बाप आहे त्याचा."

"आहेस रे. पण ती रोज त्याच्यासाठी भात झाकते. तिच्या तोंडासमोर मी तिच्या नवऱ्याची जनाज्याची नमाज लावू? उद्या ती मला विचारेल, तू पाहिलंस का? काय सांगू?" इमामानं दाढी खाजवली. "कोणी एक जण म्हणाला असता की मी डोळ्यांनी पाहिलं, तर गोष्ट वेगळी. मग मीच तिला समजावलं असतं."

"मी पाहिलं," लाहामू म्हणाला.

इमाम त्याच्याकडं बघत राहिला आणि मग हसला. हसता हसता खोकला लागला, पाणी प्यावं लागलं. "तू? लाहामू, तू येऊन सांगितलंस की सूर्य पूर्वेला उगवला, तर मी बाहेर जाऊन बघून येईन."

लाहामूही हसला. बाहेर आला आणि रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. आयुष्यभर त्यानं फुकटचं खोटं वाटलं होतं, तोंडात येईल तसं. आता एकच खोटं हवं होतं, आणि ते असं, की कोणाला हसू येता कामा नये. अशा खोट्याला माल लागतो. आणि माल खराच लागतो.

दुसऱ्या दिवसापासून तो विचारत फिरायला लागला. तुझ्याकडं काय आलं? कुठून आलं? तोंड कुठल्या बाजूला होतं? लोकांना आधी वाटलं, म्हातारा टपरीसाठी गोष्टी गोळा करतोय. पण प्रत्येकाला आपलं काय गेलं आणि काय आलं ते सांगायचंच होतं. पश्चिमेकडच्या वाडीतल्या युनूसच्या कांद्यात एक दगडी उखळ आलं होतं. लाहामूनं ते बोटांनी चाचपलं, काठाला टवका. नुर्मिनचंच. त्यापलीकडं स्वयंपाकघराचं दार, बिजागरीसकट, पालथं. दारापासून पुढं एक ओळ हिरवी दिसत होती म्हणून तो वाकला, तर कांदे. त्याची सरी अख्खीच्या अख्खी येऊन दुसऱ्याच्या शेतात सरळ रेषेत उगवली होती, जणू कोणी दोरी धरून लावली.

त्यानं युनूसला हाक मारली. "अरे, हा बघ माझा कांदा! मी लावला तिकडं, उगवला इकडं!"

"काका, मग काढणी कोणाची?"

"तूच काढ. नांगरट तर कोणी केली ते अल्लालाच माहीत."

घर पश्चिमेला गेलं होतं. पण बकऱ्यांचं दावं, खुंटीसकट, सापडलं ते उत्तरेला, पार ओढ्याच्या अंगाला. म्हणजे गोठा आणि घर निघाले एकाच जागेवरून, पण वाटेत फुटले. कुठं? हा प्रश्न लाहामूच्या डोक्यात भुंग्यासारखा शिरला.

माडांची रांग हाजी तामरीनच्या जमिनीवर जाऊन थांबली होती. तिथंच ती चाललेली माती संपली आणि हाजीची, न हललेली, सुरू झाली. हाजी कोयत्यानं झावळ्या तोडत होता.

"माड माझे आहेत," लाहामू म्हणाला.

"जमीन माझी आहे."

"माझे माड मी काही तुझ्याकडं पाहुणे म्हणून पाठवले नव्हते."

"मी तरी कुठं आवतण दिलं होतं? माझ्या मक्यावर उभे राहिलेत मेले. भाडं कोण देणार?"

"भाडं मागतोस? उद्या त्यांना परत जायचं झालं तर वाटखर्ची देशील?"

हाजी चिडायच्या बेतात होता, पण हसला. शेवटी ठरलं, जो चढेल त्याला निम्मे नारळ. हाजीला चढता येत नव्हतं, आणि लाहामूलाही आता येत नव्हतं, हे दोघांना माहीत होतं. हाजीनं त्याच्या गुडघ्यांकडं बघितलं. त्या बघण्यामुळंच लाहामूनं सदरा काढला.

बुंध्यावर आर्फाननं पाडलेल्या खाचा होत्या. आर्फान लांब पायांचा, त्यामुळं खाच न् खाच म्हाताऱ्याला अर्धी वीत जास्त. काथ्याची दोरी पायांत अडकवून तो वर सरकला. नडग्या सोलल्या. मांड्या थरथरायला लागल्या. मध्यावर त्यानं बुंध्याला गाल टेकवला आणि थांबला, खालून हाजी ओरडला, "उतर रे, मेलास तर नारळ कोणाला देऊ?" त्यानं पुढची खाच गाठली.

वर वारा होता. झावळ्यांत बसून त्यानं खाली पाहिलं आणि सगळं खोरं त्याच्यापुढं उलगडलं. जमिनीवर ओरखडे होते, बोटांनी सारवल्यासारखे. एक पट्टा वळून पश्चिमेला, एक उत्तरेला, आणि मध्ये एका ठिकाणी दोन्हींचं भोवऱ्यासारखं कडं. तिथं! तिथं फुटले! त्याला इतका आनंद झाला की त्यानं मांडीवर थाप मारली आणि पडता पडता वाचला. मग त्याला आठवलं, आपण काय शोधतोय. आपल्या पोराच्या मरणाची जागा. तरी डोळे काही ओरखड्यांवरून हलेनात.

तेवढ्यात त्याला नुर्मिन दिसली. बांबूची काडी आणि ठिपक्याएवढी बाई. ती घराच्या पट्ट्यावर नव्हती आणि गोठ्याच्याही नव्हती. त्या भोवऱ्याच्या कडेशी होती. कालपण तिथंच होती. परवाही.

त्यानं नारळ पाडले, उतरला, हाजीचे निम्मे मोजून दिले. बाकीचे पहारीवर सोलत बसला. वरचं सोडण धड निघत नव्हतं. संध्याकाळी नुर्मिन आली तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलं, "घर तर तिकडं गेलं. तू इकडं काय टोचतेस?"

"तिथं माती मऊ आहे," ती म्हणाली आणि रिस्माच्या केसांतून फणी फिरवायला लागली.

बाईमाणूस, आणि दुःखात. तिला दिशा कुठून समजणार, असं लाहामूनं मनाशी म्हटलं. इतके दिवस विचारत फिरलेल्या माणसाला पुढचा प्रश्न सुचला नाही.

गुरुवारी ती मांडीपर्यंत रुतली. युनूस आणि आणखी एकानं झावळ्या अंथरून, पोटावर सरपटत जाऊन तिला ओढून काढलं. ताडपत्रीपाशी आणलं तेव्हा तिच्या अंगाला काळ्या, आंबूस चिखलाचा वास येत होता. ती रडत नव्हती. बांबू तेवढा सोडत नव्हती. डोंगरावर ढग खाली उतरले होते आणि वारा फिरला होता.

"उद्या परत जाशील?" लाहामूनं विचारलं.

"जाईन."

मग लाहामू उठला आणि सालेहाच्या नव्या टपरीवर गेला. चार बांबू आणि एक पत्रा. "सालेहा, मी त्या संध्याकाळी इथून कुणीकडं पळालो, तुला आठवतं?"

"मला माझं आठवत नाही, तुझं कुठलं?"

"छान. आठवू नकोस." त्यानं कॉफी सांगितली, माणसांना हाका मारल्या, इमामालाही बोलावणं धाडलं. नुर्मिनला त्यानं बाजूला आणून बसवलं होतं, पायांवरचा चिखल सुकत होता. रिस्मा तिला चिकटून झोपली होती.

लोक जमले, सरकून बसले, त्या वाक्याची वाट बघायला लागले. लाहामूनं ते म्हटलं नाही.

"मी आर्फानला जाताना पाहिलं," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. एकाला हसायचं होतं, पण शेजाऱ्यानं कोपर मारलं.

"बाकडं उलटलं तसा मी घराकडं पळालो, कालव्याच्या बांधावर चढलो. बांध हलला नव्हता. तिथून सगळं दिसत होतं. आर्फान गोठ्यात होता, बकऱ्यांचं दावं सोडत होता. दावं सुटलं नाही, खुंटीच निघाली."

"खुंटीसकटच सापडलं," युनूस हळूच म्हणाला. "ओढ्याच्या अंगाला."

"बरोबर. गोठा उत्तरेला निघाला आणि घर पश्चिमेला. मध्ये मातीचा भोवरा झाला. तो गोठ्यातून घराकडं पळाला आणि त्या भोवऱ्यात सापडला." त्यानं जमिनीवर काडीनं दोन पट्टे काढले, मध्ये कडं काढलं. माणसं वाकली. कोणी म्हणालं, हो, माझी न्हाणी तिथूनच वळली. कोणी म्हणालं, रस्त्याचा तुकडापण. प्रत्येकानं आपापलं गेलेलं त्या चित्रात ठेवून बघितलं आणि ते बसलं. हाजी तामरीननं मान हलवली. इमामानं कॉफीचा पेला खाली ठेवला आणि दाढीवरून हात फिरवला, आणि लाहामूनं ओळखलं की इमामाला पटलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा लोकांना त्याचं पटलं होतं.

इथं थांबायला हवं होतं. पण नुर्मिन त्याच्याकडं बघत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती शेताकडं न बघता माणसाकडं बघत होती. तिला काहीतरी द्यावं, हातात धरायला बरं असं काहीतरी, असं म्हाताऱ्याला वाटलं. आणि तोंड तर त्याचंच होतं.

"त्याला काही दुखलं नाही," तो म्हणाला. "नदीत बसावं तसा खाली बसला. एकटाच होता बिचारा, पण घाबरला नव्हता. मला बघून हसला. हात वर केला. म्हणाला, बाबा, घाई करू नका, मी चाललो, दोघींना..."

"खोटं."

नुर्मिन उभी राहिली होती. बांबू खाली पडला होता.

"खोटं आहे, बाबा. एकटे नव्हते ते. मी होते. चुलीपाशी नव्हते."

पत्र्यावर वारा वाजत होता.

"रिस्मा माझ्या पाठीला. आम्ही केळीच्या बेटावर आणि ते गळ्यापर्यंत मातीत. माझा हात त्यांच्या हातात होता. बेट फिरायला लागलं, तसा माझापण खांदा आत जायला लागला. तेव्हा त्यांनी माझं एकेक बोट सोडवलं. अंगठा शेवटी." तिनं स्वतःचा हात पुढं धरला, जणू तो कोणा दुसऱ्याचा होता. "आणि हसत नव्हते. शिव्या घालत होते. मातीला. बकऱ्यांना. तुम्हाला."

"मला?" लाहामू म्हणाला.

"तुम्हाला. म्हणाले, म्हाताऱ्याला सांग, ह्या गोष्टीला तिखटमीठ लावायचं नाही. आहे तेवढीच पुरे आहे."